एकतीस राक्षसांचे डोळे

पुस्तकाचं पार्सल येऊन दोन दिवस झाले, तरी दिनानाथ घरत ते फोडायला तयार नव्हता. वीस वर्षांनी आपलं नाव पुस्तकाच्या पहिल्या पानावर छापून आलंय म्हटल्यावर दुसरा कुणी असता तर आख्ख्या आळीला पेढे वाटले असते. हा गडी मात्र येता-जाता त्या खोक्याकडे चोरासारखा बघायचा आणि पुढे सटकायचा. बायकोनं, सगुणानं, दोनदा विचारलं. दोन्ही वेळा त्यानं सांगितलं की कात्री सापडत नाही. चित्रकाराच्या घरात कात्री सापडत नाही! आता काय बोलायचं माणसानं.

कारण तसंच होतं. त्या पुस्तकात चाळीस राक्षसांची चित्रं होती. पहिल्या पानावर दिनानाथचा फोटो होता आणि फोटोखाली त्याच्या सहीनिशी छापलं होतं की ही चाळीसही चित्रं मी माझ्या हातानं, टाक आणि शाईनं काढली आहेत. त्यातली नऊ त्यानं काढली होती. एकतीस मशीननं काढली होती, ते एआय की काय म्हणतात त्यानं. हे ठाऊक असलेली माणसं दोनच, एक तो स्वतः आणि दुसरा बेलापूरच्या स्टुडिओतला विनेश.

थांबा, लगेच लबाड म्हणून मोकळे होऊ नका. आधी ऐका.

दिनानाथचा बाप उरणच्या मिठागरात राबला, पण पोराला त्यानं पेणच्या एका गणपतीच्या कारखान्यात घातला. तिथं साच्यातून मूर्ती काढणारा वेगळा, रंग देणारा वेगळा आणि सगळ्यांत शेवटी डोळे काढणारा वेगळा. डोळे काढण्याला आखणी म्हणतात. आखणी करणाऱ्याचा मान मोठा, कारण तिथवर मूर्ती म्हणजे नुसती रंगवलेली माती. रावजी नावाच्या म्हाताऱ्या कारागिरानं दिनानाथला हे काम शिकवलं. मूर्ती पाटावर बसणार आणि माणूस तिच्यापुढे खाली बसणार, म्हणून बुबुळ मधोमध ठेवायचं नाही. ते जरा खाली उतरवायचं आणि वरची पापणी अर्ध्यावर आणायची. मग समोर बसलेल्याला वाटतं की देव माझ्याकडेच बघतोय. अकरा वर्षं दिनानाथनं हेच केलं. एकेका हंगामात दोन-दोन हजार मूर्ती. झोपेतून उठवून हातात ब्रश दिला असता तरी त्याच्या हातून तेच डोळे निघाले असते.

पुढे बेलापूरच्या स्टुडिओचा एक माणूस कारखान्यात आला, त्यानं दिनानाथची बारीक रेघ बघितली आणि त्याला घेऊन गेला. काम विलायतेतल्या एका छोट्या कंपनीचं होतं. खेळ असा, की चार-सहा जण टेबलाभोवती बसतात, एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे कुणी योद्धा होतात, कुणी मांत्रिक, कुणी चोर. मग फासे टाकून ठरतं की राक्षस मेला का आपण मेलो. पट नाही की काही नाही, सगळं डोक्यातल्या डोक्यात चालतं, म्हणून पुस्तकातल्या चित्रांना भलतं महत्त्व. खेळाचं इंग्रजी नाव दिनानाथच्या जिभेवर बसेना. त्यानं आपलं काळदरी म्हणायला सुरुवात केली आणि घरात तेच रूढ झालं.

पहिल्या पुस्तकातली त्याची चित्रं काळी-पांढरी होती. एकेका राक्षसाच्या पाठीवर चार-चार हजार रेघा. कागद स्वस्तातला, छपाई फिकी, पण खेळणाऱ्यांनी ती चित्रं डोक्यावर घेतली. कुठल्या कुठल्या देशांतून पत्रं आली, कुणी दंडावर त्याचा राक्षस गोंदवून घेतला. मग पाच-सात वर्षांनी कंपनीला रंगाचं खूळ लागलं. गुळगुळीत कागद आला. योद्ध्यांचे खांदे घमेल्याएवढे झाले, तलवारी नांगराएवढ्या झाल्या. लढायला निघालेल्या बायकांच्या अंगावरचं चिलखत दर पुस्तकाला आखूड होत गेलं, तेव्हा सगुणानं विचारलं होतं की ह्या बायांना थंडी न्हाय वाजत का. राक्षस तर सगळे एकाच आईचे. तसेच विचकलेले दात आणि मागे त्याच ज्वाळा. शाईचं काम जुनाट दिसतं म्हणून दिनानाथला टॅब्लेट देऊन दुसऱ्यांच्या चित्रांमागचे ढग रंगवायला बसवलं. दहा वर्षं त्या माणसानं ढग रंगवले. शेवटच्या पानावर मुंगीएवढ्या अक्षरांत पन्नास नावं असायची, त्यात कुठंतरी त्याचं. मग एक दिवस ढगही मशीन काढायला लागलं आणि दिनानाथ घरी बसला.

पण खेळणारी माणसं काही मेंढरं नव्हेत. मशीनच्या चित्रांत कुणाला सहा बोटं, कुणाची ढाल हातातच वितळलेली, हे बघून ती खवळली. आम्हाला जुना हात परत द्या, म्हणून त्यांनी कंपनीला भंडावून सोडलं. तेव्हा कंपनीनं जाहीर केलं की खेळाला वीस वर्षं झाली त्या निमित्तानं नवं पुस्तक येतंय, आणि त्यातला एकेक राक्षस दिनानाथ घरत काढणार. ही बातमी घेऊन विनेश स्वतः घरी आला. ह्या विनेशला टाक धरायला दिनानाथनंच शिकवलं होतं. आता तो स्टुडिओत मोठ्या खुर्चीवर होता, पण अजूनही त्याला दिनादादा म्हणायचा. त्या दिवशी दिनानाथ मागच्या दारी जाऊन रडला. सगुणानं ते बघितलं आणि बघितलं नाही असं दाखवलं.

चार महिन्यांत चाळीस चित्रं द्यायची होती, आणि घोडं इथंच अडलं. कंपनीला हवा होता वीस वर्षांपूर्वीचा दिनानाथ, आणि तो आता राहिला नव्हता. ह्या दिनानाथला चार हजार रेघा नको होत्या. त्याला कागद कोरा सोडावासा वाटायचा. भर दुपारी मिठागराकडे बघितलं की डोळे दिपतात, माणूस दिसत नाही, त्याच्या कडा तेवढ्या दिसतात. बापाचं जेवण घेऊन जाताना लहानपणी त्यानं बापाला असाच बघितला होता. त्याला राक्षस तसे दाखवायचे होते. चाळीस रेघांत राक्षस उभा राहायचा, पण त्या चाळीस जागच्या जागी पडेपर्यंत दहा कागद फुकट जायचे. चार महिने संपत आले तेव्हा नऊ चित्रं झाली होती. ती मात्र अशी उतरली होती की दिनानाथ रोज सकाळी चहाच्या आधी, घरात कुणाला न दाखवता, त्यांच्याकडे बघून यायचा. आयुष्यात पहिल्यांदा त्याला आपल्या हाताचा अभिमान वाटत होता.

विनेश आला, नऊ बघून डोक्याला हात लावून बसला. मग त्यानं लॅपटॉप उघडला. त्यानं कुणाला न सांगता दिनानाथची सगळी जुनी चित्रं मशीनला दाखवली होती आणि मशीननं एकतीस राक्षस काढून ठेवले होते. तीच रेघ, तीच ठेवण, पाठीवर त्याच चार हजार रेघा. एकच गोष्ट मशीनला जमली नव्हती. सगळ्यांचे डोळे मेलेल्या मासळीचे होते. दादा, डोळे तेवढे काढून द्या, विनेश म्हणाला. नाही म्हणालात तर पुस्तक बारगळेल, स्टुडिओवर येईल, आणि तुमचं नाव पुन्हा कधी निघायचं नाही.

दिनानाथनं टॅब्लेटवर डोळे काढून दिले आणि सहीही करून दिली. विनेशनं गळ घातली हे खरं. पण त्याहून खरं असं, की त्याला ते पहिलं पान हवं होतं. दहा वर्षं ढग रंगवलेल्या माणसाला काय हवं असतं, तुम्हीच सांगा.

शेवटी पार्सल फोडलं ते प्राप्तीनं. प्राप्ती त्याची एकुलती एक पोर, वाशीच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती. काळदरी खेळतच ती मोठी झाली. दर रविवारी तिच्या मैत्रिणींचा अड्डा जमायचा आणि गोष्ट सांगायला हीच बसायची. तिनं गाडीच्या चावीनं टेप फाडली, पहिलं पान उघडलं आणि बापाच्या गळ्यातच पडली. मग बैठक मारून एकेक पान मोठ्या मायेनं उलटायला लागली. दिनानाथ खुर्चीच्या कडेला टेकून बसला होता. सगुणा मागून डोकावत होती. आठ-दहा पानं झाल्यावर ती म्हणाली, "आवो, ह्या राक्षसांना बाप्पाचं डोलं का काढलंत?"

दिनानाथनं पुस्तक ओढून घेतलं. खरंच की. आठ दिवसांत एकतीस जोड्या काढायच्या होत्या, काम घाईचं, मन थाऱ्यावर नाही, आणि हातानं आपली जुनी वाट धरली होती. बुबुळ खाली उतरलेलं, पापणी अर्ध्यावर. शिंगं, सुळे, नखांत अडकलेली आतडी, आणि वरून चतुर्थीच्या दिवशी पाटावरून बघावी तशी मायाळू नजर. एकतीसच्या एकतीस. रावजी असता तर त्यानं कानाखाली काढली असती. पाप लागंल म्हणून सगुणा पुटपुटत आत गेली आणि तिनं देवापुढे दिवा लावला. प्राप्तीला मात्र हसू आवरेना. तिला ती गंमत वाटली, आणि त्यात काही वेगळंही दिसलं. असा राक्षस आजवर कुणी काढला नाही, ती म्हणाली, ह्याला मारताना हात थांबेल.

आणि झालंही तसंच. जगभरच्या खेळणाऱ्यांनी त्या डोळ्यांसाठी जीव टाकला. त्यांना पेण ठाऊक नाही नि आखणी ठाऊक नाही. ती लोकं लिहायला लागली, की बघा, ह्याला म्हणतात माणसाचा हात, मशीनला हे सात जन्मात जमायचं नाही. दिनानाथ मूग गिळून बसला.

दुसऱ्या आठवड्यात वारं फिरलं. कुणीतरी लिहिलं की बाकी सगळं ठीक, पण ह्यातली काही चित्रं घरतांची वाटत नाहीत. रेघा कमी, अर्धा कागद रिकामा, डोळे थेट आणि कोरडे. कंपनीनं वेळ वाचवायला मशीनची घुसवलेली दिसतात. मग काय विचारता. लोकांनी पुस्तक भिंगाखाली धरलं आणि एकेक करून यादी बनवली. यादीत नऊ चित्रं होती. एका चित्रात बोटं अर्धवट सोडली होती, ते तर त्यांनी लाल गोल करकरून जगभर फिरवलं. म्हाताऱ्याच्या नावावर हा कचरा खपवता, लाज नाही वाटत, असं कंपनीला विचारलं.

दिनानाथ ती यादी रोज बघायचा. तीच नऊ. त्याची स्वतःची नऊ. जेवण जाईना त्याला. ही माझी आहेत म्हणून ओरडावं, तर कागद दाखव म्हणतील. कागद होते, बटरपेपरात गुंडाळून पलंगाखालच्या पत्र्याच्या पेटीत व्यवस्थित ठेवलेले. पण नवांचे दाखवले की पुढचा माणूस बाकीच्या एकतीसांचे मागणार. विनेशनं फोन करून बजावलं होतं की पेटीला हात लावायचा नाही. गप्प राहा दादा, पुढच्या छपाईत कंपनी ती नऊ काढून टाकतेय, त्या जागी दुसरी करून घेऊ, तुम्ही फक्त डोळे काढा.

आणि इकडे प्राप्ती भांडत होती. तीन आठवडे पोर सगळ्यांशी एकटी भांडली. माझ्या बाबांनी एकेक चित्र हातानं काढलंय, मी त्यांची मुलगी आहे, मी सांगते, असं स्वतःच्या नावानं, स्वतःच्या फोटोसकट लिहायची. कुणी तिला खोटारडी म्हटलं, कुणी त्याहून वाईट. कॉलेजातून आली की चप्पल काढायच्या आधी फोन काढायची. दिनानाथ म्हणायचा, जाऊ दे गो, कशाला त्यांच्या नादी लागतेस. ती म्हणायची, तू गप, तुला बोलता येत नाही म्हणून मी बोलते.

एका रविवारी सकाळी तिनं ठरवलं की आता ह्यांची तोंडं कायमची बंद करायची. बापाला न विचारता पेटी ओढली. चाळीसही कागदांचे फोटो काढून टाकले की विषय मिटला, असा तिचा हिशेब होता. दिनानाथ ओटीवर बसून टाक पुसत होता. पेटीचा आवाज त्यानं ऐकला आणि त्याच्यानं उठवेना.

ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात नऊ कागद होते.

"बाबा, बाकीचे कुठं ठेवलेस?"

विनेशकडे आहेत, एवढं म्हणायला काही लागत नव्हतं. वाक्य जिभेवर तयार होतं. दिनानाथनं ते तसंच गिळलं.

"बाकीचे न्हायत."

तिला कळायला वेळ लागला. मग तिनं फोनवरची यादी काढली आणि हातातल्या कागदांशी एकेक ताडून बघितलं. नऊच्या नऊ जुळली. लोक ज्यांना मशीनची म्हणत होते ती बापाची, आणि ज्यांच्यापायी ती भांडली ती एकतीस कुणाचीच नाहीत. तिनं वर बघितलं आणि दिनानाथनं मान हलवली. एकतीसांचे डोळे तेवढे माझे, तो म्हणाला, बाकी मशीनचं. सही मी केली.

पोर ओरडली असती तर बरं झालं असतं. ती भिंतीला टेकून खाली बसली. आत सगुणा मासळी साफ करत होती, तिनं एकदा डोकावलं आणि ती परत आत गेली. मग प्राप्ती बोलली ती अगदी शांतपणे, काहीतरी ठरवल्यासारखी. म्हणाली, एक काम करू. ती एकतीस तू आता कागदावर काढ. पुस्तक समोर ठेवून, टाकानं, जशीच्या तशी. महिना-दोन महिने लागतील. तोवर मी सांगते, कागद स्टुडिओच्या कपाटात आहेत, मिळाले की दाखवते. कुणाला कळणार?

दिनानाथ तिच्याकडे बघत राहिला. एवढ्या दिवसांत त्याला भीती वाटली होती, शरम वाटली होती, पण असं कधी झालं नव्हतं. विनेशनं त्याला पटवायला तास घेतला होता. ही त्याची पोर, जगाशी खऱ्यासाठी भांडणारी, तिला दहा मिनिटंही लागली नाहीत. आणि हे ती स्वतःसाठी करत नव्हती. बापाला झाकायला करत होती. त्यानं टाक खाली ठेवला.

"माझं बघून मशीननं काढलं," तो म्हणाला. "आता मशीनचं बघून मी काढू? न्हाय जमायचं, प्राप्ती. ह्या नवांचे फोटो काढ आनि टाक."

"मग बाकीच्यांचे मागतील."

"मागू दे."

"तुझं नाव जुन्या पुस्तकांवरूनही काढतील. म्हणतील, पहिल्यापासून खोटंच असेल."

"म्हनतील."

"आणि मी?" इथं मात्र तिचा आवाज फुटला. "तीन आठवडे माझ्या नावानं सांगत होते मी सगळ्यांना. त्यांना आता काय सांगू?"

विनेशचा फोन वाजायला लागला, रविवारी तो नेहमी करायचा. दिनानाथनं तो वाजू दिला. वाजून वाजून बंद पडला तेव्हा तो म्हणाला, जे झालं ते सांग.

प्राप्तीनं नऊ कागद ओटीवर उजेडात ओळीनं मांडले आणि गुडघ्यांवर बसून एकेकाचे फोटो काढले. त्या अर्धवट बोटांच्या राक्षसापाशी ती थांबली. पुस्तकात ते चित्र तिनं पन्नासदा बघितलं असेल, कागद आज पहिल्यांदा बघत होती. शाई जिथं अडखळली होती तिथं तिनं बोट नेलं आणि न लावताच मागे घेतलं. चांगलं आहे असं म्हणाली नाही. दिनानाथ वाट बघत होता, पण म्हणाली नाही.

मग ती लिहायला बसली. इंग्रजीत लिहीत होती, दिनानाथला ते वाचता यायचं नाही, म्हणून एकेक वाक्य झालं की मराठीत मोठ्यानं सांगत होती. ही नऊ चित्रं माझ्या बाबांनी काढली. हे त्यांचे कागद. बाकीची एकतीस त्यांनी काढलेली नाहीत, फक्त डोळे काढलेत. मला हे आज सकाळपर्यंत माहीत नव्हतं. एवढं सांगून ती थांबली. अंगठा फोनवर तसाच राहिला.

"सहीचं काय लिहू?" तिनं खाली बघूनच विचारलं. "बाबांची चूक झाली, असं लिहू?"

दिनानाथनं ओटीवरचे नऊ कागद गोळा केले.

"चूक न्हाय," तो म्हणाला. "खोटं बोलला, असं लिही."

प्राप्तीनं लिहिलं. मग आधीसारखंच त्याला ते मराठीत मोठ्यानं वाचून दाखवलं, "माझे बाबा खोटं बोलले," आणि ते पाठवून दिलं.